क्रूझ जहाजावर सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बंदिस्त खोली असावी का?

गलबत

मंडळी, मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजांमुळे आणि सिंगापूर-दुबईच्या सहलींमुळे क्रूझ आता आपल्याकडे बऱ्याच घरांत पोचली आहे. बुकिंगच्या आधी दोन प्रश्न हमखास येतात. एक, घरातल्या कुणाला सिगारेट लागते, त्याने ओढायची कुठे? दुसरा तितक्याच पोटतिडकीने: सोबत दमेकरी आई आणि लहान मूल आहे, धूर येणार नाही ना?

आजची स्थिती थोडक्यात. केबिनमध्ये जवळपास सगळीकडे बंदी आहे. बाल्कनीही मोठ्या कंपन्यांनी बंद केली. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल आणि नॉर्वेजियन या तिघांनी २०१४ या एकाच वर्षात ते केलं. नियम मोडला तर २५० ते ५०० डॉलर थेट खोलीच्या बिलात चढतात. उरतो तो उघड्या डेकचा ठरावीक कोपरा, काही जहाजांवर कसिनो, आणि मोजक्या जहाजांवर सिगार लाउंज (क्वीन मेरी २ वरचं चर्चिल्स हे ठळक उदाहरण).

माझं मत: बंदिस्त खोली असावी. कारण सिगारेटवाल्याचं लाड करणं हे नव्हे, आग हे आहे. भर समुद्रात रात्री दोन वाजता पाऊस-वाऱ्यात उघड्या डेकवर जायचा कंटाळा आलेला माणूस केबिनच्या बाथरूममध्ये जातो. तिथलं थोटूक जहाजाला परवडत नाही. मात्र "खोली" म्हणजे काय हे नीट ठरवलं पाहिजे. पडदा लावलेला बारचा कोपरा म्हणजे खोली नव्हे. जाणकारांनी लिहावं.

सुकाणू

आगीच्या मुद्द्यावर पूर्ण अनुमोदन. तपशील देतो.

२३ मार्च २००६, स्टार प्रिन्सेस हे क्रूझ जहाज, जमैकाच्या वाटेवर, पहाटे तीनच्या सुमाराची वेळ. बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने सर्वांत संभाव्य कारण दिलं ते टाकलेल्या सिगारेटचं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, ७९ केबिन निकामी झाल्या आणि आणखी २१८ केबिनना आग, धूर किंवा पाण्याने नुकसान झालं. एवढी पसरली का? बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या होत्या, खुर्च्या-टेबलं प्लास्टिकची होती, आणि बाल्कनी ही "बाहेरची जागा" मानली जात असल्यामुळे तिथे ना डिटेक्टर होता ना स्प्रिंकलर. त्यात जहाज चालतं असल्याने वारा. केबिनच्या आत आग फारशी शिरली नाही, कारण तिथे स्प्रिंकलर होते आणि भिंती न जळणाऱ्या होत्या.

त्यानंतर सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि ती १ जुलै २००८ पासून लागू झाली. बाल्कनीच्या आडभिंती न जळणाऱ्या हव्यात. फर्निचर कमी जोखमीचं नसेल तर बाल्कनीत डिटेक्टर आणि पाण्याचे फवारे हवेत. बाल्कनीतली सिगारेट बंद होण्यामागे शेजाऱ्याच्या तक्रारी आहेतच, पण मुळाशी ही घटना आहे.

आता बाथरूमचं. प्रवासी जहाजावर केबिन, कॉरिडॉर, जिना सगळीकडे स्मोक डिटेक्टर लागतात, पण केबिनच्या खासगी बाथरूममध्ये तो बसवण्याची सक्ती नाही. चोरून ओढणाऱ्यांना हे बरोबर कळतं. तिथे टॉवेल असतात, टिश्यू असतात, कचऱ्याचा डबा असतो. म्हणून सोलासमध्ये डब्याचाही नियम आहे: डबा न जळणाऱ्या वस्तूचा, आणि त्याला बाजूला किंवा तळाला एकही भोक नको. जाळीदार वेताची टोपली जहाजावर दिसत नाही ती याचमुळे.

निर्धूर

आग हा खरा मुद्दा आहे, पण त्यावरून बंदिस्त खोलीकडे उडी मारू नका.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातलं कलम ८ आणि त्याची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात: जास्त हवा खेळवणं, गाळण्या लावणं, वेगळ्या खोल्या करणं, यातल्या कशानेही दुसऱ्याच्या धुरापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवालही तेच सांगतो: या धुराची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. वातानुकूलन इंजिनिअरांच्या ॲश्रे या संस्थेची अधिकृत भूमिकाही हीच आहे.

प्रवासी चार दिवसांनी घरी जातो. त्या खोलीतले ॲश-ट्रे रिकामे करणारा, काचा पुसणारा, कसिनोत पत्ते वाटणारा पोरगा सात-आठ महिन्यांच्या करारावर असतो. या पोरांमध्ये गोव्याचे, कोकणातले, मुंबई-वसईचे किती असतात हे इथल्या लोकांना सांगायला नको. खोलीचा विचार त्यांच्यापासून सुरू करा.

आणि पूर्ण बंदी जमतच नाही असंही नाही. कार्निव्हलचं पॅराडाईज जहाज १९९८ मध्ये सुरू झालं ते संपूर्ण धूरमुक्त म्हणून. उघड्या डेकवरसुद्धा मनाई. सापडलात तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात खाली उतरवणं. २००४ पर्यंत ते तसं चाललं. बंद पडलं ते सुरक्षेमुळे नाही. त्या जहाजावर दारू आणि जुगार यांवर लोक कमी खर्च करत होते म्हणून.

वातायन

निर्धूर यांचा मुद्दा शास्त्राच्या बाजूने बरोबर आहे. खोली धूर "संपवत" नाही, ती धूर दुसरीकडे जाऊ देत नाही, एवढंच तिच्याकडून मागता येतं. पण तेवढं काम ती चोख करू शकते. बहुतेक जहाजांवर होत नाही, कारण गणित अर्धवट केलेलं असतं. सविस्तर लिहितो.

खोली धरा ८ मीटर × ६ मीटर, उंची २.४. घनफळ ११५ घनमीटर. माणसं २५.

जहाजांच्या वातानुकूलनाचं मानक आयएसओ ७५४७. त्यात माणशी ताजी हवा किमान ८ लिटर प्रति सेकंद. सिगारेटच्या खोलीला हे अजिबात पुरत नाही. ॲश्रेच्या १९८९ च्या मानकात स्मोकिंग लाउंजसाठी माणशी ३० लिटर दिले होते, तोच आकडा धरू. २५ × ३० = ७५० लिटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला २७०० घनमीटर, म्हणजे खोलीतली हवा तासाला सुमारे २३ वेळा बदलणार. ही हवा परत फिरवायची नाही, सगळी बाहेर.

इथे एसीचा भार कळतो. बाहेर ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, आत २७ अंश आणि ५० टक्के (हेही आयएसओ ७५४७ मधलेच आकडे). किलोमागे साधारण ४४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ७५० लिटरसाठी ते होतात सुमारे ३७ किलोवॅट, म्हणजे साडेदहा टनांचा एसी, तोही फक्त ताज्या हवेसाठी. माणसं, दिवे, भिंती यांचा भार वेगळा. तेवढ्याच माणसांच्या साध्या खोलीला किमान ताज्या हवेसाठी तीन टनांच्या आत भागतं. कंपन्या हवा कमी का ठेवतात याचं उत्तर इथे आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. एक्झॉस्ट (बाहेर ओढलेली हवा) सप्लायपेक्षा (आत सोडलेल्या हवेपेक्षा) १० टक्क्यांनी जास्त ठेवला की खोली ऋण दाबात राहते, म्हणजे हवा बाहेरून आतच येते, असं सगळे म्हणतात. दार बंद असेपर्यंत ते खरं आहे. जपानने २०२० पासून लागू केलेल्या नियमात मात्र अट अशी आहे की दारातून आत जाणाऱ्या हवेचा वेग किमान ०.२ मीटर प्रति सेकंद हवा. दार ०.९ × २ मीटरचं, क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. गुणाकार करा: ०.३६ घनमीटर, म्हणजे ३६० लिटर प्रति सेकंद जादा ओढ हवी. १० टक्क्यांच्या फरकाने मिळतात ७५ लिटर, वेग पडतो ०.०४. कुणी दार उघडलं की धूर कॉरिडॉरमध्ये आलाच.

म्हणून सप्लाय ३९० आणि एक्झॉस्ट ७५० ठेवायचा. मधले ३६० लिटर कॉरिडॉरमधून येतील. पण कॉरिडॉरला तेवढी हवा आधी द्यायला हवी, नाहीतर ती आजूबाजूच्या केबिनमधून ओढली जाते, तिथल्या बाथरूमचा एक्झॉस्ट मंदावतो आणि तक्रार येते ती गटाराच्या वासाची. मूळ कारण तीन दारं पलीकडे आहे हे मग कुणाच्या लक्षात येत नाही.

शिडाची होडी

उत्तम माहिती. एक शंका: हल्ली खोलीत ठेवायचे हेपा प्युरिफायर मिळतात. चार लावले तर एवढी हवा बाहेर फेकायची गरज उरेल का?

वातायन

नाही. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरते, म्हणजे निळसर धुकं दिसायचं थांबतं. वायू तिच्यातून आरपार जातात. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते. ती वासाचे पदार्थ धरते, कार्बन मोनॉक्साईड धरत नाही, आणि भरली की नुसती शोभेची उरते. हवा स्वच्छ दिसते म्हणून लोक जास्त वेळ बसतात, हा त्यातला धोका. बाहेर जाणाऱ्या हवेचा वास कमी करायला गाळण्या लावा, आत हवा फिरवायला नको.

दारावर वरून हवेचा झोत सोडणाऱ्या एअर कर्टनचंही तसंच. तो धूर अडवत नाही, ढवळतो.

सुकाणू

वातायन यांच्या ७५० लिटरला आगीच्या नियमांची जोड देतो, कारण नंतर खोली बसवताना नेमकं इथे अडतं.

सहा मीटर प्रति सेकंद वेग धरला तर डक्ट (हवा नेणारा नळ) ०.१२५ चौरस मीटरचा, म्हणजे ४०० मिलिमीटर व्यासाचा गोल डक्ट. ए-वर्गाच्या (आग अडवणाऱ्या) भिंतीतून ०.०७५ चौरस मीटरपेक्षा मोठा डक्ट न्यायचा तर तिथे आपोआप मिटणारा फायर डॅम्पर (आग लागली की डक्ट बंद करणारं पातं) लागतो. जहाज उभ्या आगविभागांत कापलेलं असतं, एक विभाग साधारण ४० मीटर, फार तर ४८. त्यामुळे खोली अशा जागी घ्या की डक्ट त्याच विभागातून सरळ वर उघड्या डेकवर जाईल. दुसऱ्या विभागातून आडवा नेला की डॅम्पर वाढले.

आणि सिगारेटच्या डक्टमधला डॅम्पर म्हणजे कायमची डोकेदुखी. तपकिरी चिकटा बसतो, पातं अडकतं. चाचणीच्या दिवशी कळ दाबली तर हलत नाही, किंवा अर्धवट मिटतं. पाहणीची झडप डॅम्परच्या शेजारीच ठेवा, हात आत जाईल एवढी, आणि पुसण्याचं वेळापत्रक बाकी डक्टपेक्षा कडक ठेवा.

दारही आपोआप मिटणारं हवं. सोलासची अट आहे की जहाज विरुद्ध बाजूला ३.५ अंश कललं तरी आगीचं दार मिटलं पाहिजे. लोक चप्पल अडकवून दार उघडं ठेवतात. तेवढ्यात आगही मोकळी, धूरही मोकळा.

डिटेक्टरबद्दल: नेहमीचा स्मोक डिटेक्टर धुराने मीटरमागे १२.५ टक्के प्रकाश अडण्याआधी वाजलाच पाहिजे. खच्चून भरलेल्या खोलीत तो खोटा वाजत राहतो, आणि मग कुणीतरी त्याला पिशवी बांधतं. ते सगळ्यात वाईट. धूर आणि उष्णता दोन्ही पाहणारा डिटेक्टर, वर स्प्रिंकलर, आणि हवा पुरेशी. हवा पुरेशी असेल तर खोटे अलार्म आपसूक कमी होतात.

माडाचं बेट

भारतीय कायद्याचा भाग राहिला, तो मांडतो.

कोटपा, म्हणजे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, कलम ४: सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद. सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत सार्वजनिक वाहतुकीची वाहनंही आहेत. धूम्रपानाची वेगळी जागा करायची सूट आहे ती तिघांना: ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट, आणि विमानतळ. यात जहाजाचा शब्दाने उल्लेख नाही. जहाजावर हॉटेलही असतं आणि रेस्टॉरंटही, म्हणून वाद घालता येतो, पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्रूझ नव्हती हे उघड आहे. हे साफ शब्दांत लिहायला हवं.

२ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत खोलीची व्याख्या मात्र चांगली आहे: चारही बाजूंना छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं आणि एरवी मिटलेलं दार, हवा थेट बाहेर, इतर भागांच्या हवेत न मिसळणारी. प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडायच्या वाटेवर अशी जागा करायची नाही. दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणजे क्रूझच्या तिकिटापुढे काहीच नाही.

निर्धूर यांच्यासाठी महत्त्वाचं: २०१७ च्या दुरुस्तीने अशा जागेत कुठलीही सेवा द्यायला मनाई झाली. ना चहा, ना दारू. नोकराला धुरात उभं करायचं नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

परदेशी झेंड्याच्या जहाजावर झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. बंदरात आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत किनाऱ्याच्या देशाचा अधिकारही येतो. आणि ई-सिगारेट: भारतात २०१९ च्या कायद्याने तिची आयात, विक्री, साठा सगळं बंद आहे. "व्हेपला चालतं ना" असं विचारून मुंबईच्या धक्क्यावर घेऊन जाऊ नका.

निर्धूर

सेवा नाही, ही अट असेल तर माझा विरोध निम्मा होतो. पण मग सिगार लाउंज आणि कसिनो या दोन्ही गोष्टी गेल्या, हे कबूल करा. त्या चालतात त्या सेवेवरच.

गलबत

कबूल, शंभर टक्के. कसिनोतली सूट ही सगळ्यात वाईट व्यवस्था आहे. तिथे भिंत नाही, दार नाही, आणि बऱ्याच जहाजांवर कसिनो मधल्या उंच चौकाला लागून असतो. गरम धूर चौकातून वरच्या डेकांवर चढतो. "ही बाजू धूम्रपानाची, ती बाजू नाही" अशी पाटी लावून हवा ऐकत नाही. एका टेबलापुरतं "नो स्मोकिंग" लिहिण्याला तर काहीच अर्थ नाही.

खाडीवारा

उघड्या डेकवरच जागा द्या म्हणणाऱ्यांसाठी वाऱ्याचं थोडं.

जहाज २० नॉटने चाललं की समोरून सेकंदाला सुमारे १० मीटर वारा लागतो. धूर मागे जातो म्हणून कोपरा मागच्या टोकाला देतात. पण इमारतीच्या पाठीमागे जशी भोवऱ्याची पोकळी तयार होते तशी जहाजाच्या मागेही होते. धूर तिथे अडकतो, गोल फिरतो, आणि मागच्या केबिनच्या बाल्कन्यांत उतरतो. तिथेच जर हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतील तर तो एसीतून आतही येतो. जागा ठरवताना डेकच्या नकाशावर आधी या जाळ्या शोधाव्यात, मग खुर्च्या मांडाव्यात.

बाजूचा कोपरा चांगला, पण खाली बाल्कनी नको. थोटूक खाली टाकलं की वारा ते पुन्हा जहाजाच्याच अंगावर आणतो. शिवाय फिल्टर हा सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच. मार्पोल या समुद्रप्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार प्लास्टिक कुठल्याही समुद्रात टाकायला बंदी आहे.

छप्पर, दोन बाजूंना काच, दोन बाजू मोकळ्या, रात्रभर दिवा, ओल्या फरशीवर न घसरणारा थर. पावसाळी रात्री माणूस जाईल अशी जागा केली तर निम्मे लोक बाथरूममध्ये ओढणार नाहीत.

कप्पी-दोरी

साफसफाईच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. खोली चांगली बांधूनही सहा महिन्यांत बिघडते ती इथे.

ॲश-ट्रे जड धातूचे, खोल, शक्यतो तळाशी पाणी किंवा वाळू. कागदी नॅपकिन त्या खोलीत अजिबात नको. थोटकं गोळा करायला झाकणाचा वेगळा धातूचा डबा, त्यात थोडं पाणी, आणि तो इतर कोरड्या कचऱ्यात रिकामा करायचा नाही. वरून विझलेलं थोटूक आत धुमसत राहतं. टॉयलेटमध्ये तर मुळीच टाकू देऊ नका. जहाजावर निर्वात पद्धतीची टॉयलेटं असतात, बारीक पाइप तुंबतो आणि एका केबिनमुळे अख्खी ओळ बंद पडते.

गालिचा, कापडी सोफा, पडदे नकोत. चामड्यासारखं पुसता येणारं आवरण, धातू, लादी. कापडात मुरलेला वास हवा बदलून जात नाही.

आता बिघाड कसा होतो ते. एक्झॉस्टच्या तोंडाशी जाळी किंवा गाळणी असते. चिकट्याने ती हळूहळू बुजते. एक्झॉस्ट ७५० वरून ५००, मग ४०० होतो. सप्लायची गाळणी स्वच्छच असते, त्यामुळे ३९० तसाच राहतो. जादा ओढ संपली. आणखी बुजली की खोली उलट फुगते आणि दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये धूर सोडते. कुठलाही अलार्म वाजत नाही. पंखा फिरतोय, दिवा हिरवा आहे, सगळं छान.

तपासायला टिश्यूची बोटभर रुंद पट्टी पुरते. दार बंद करून ती बाहेरून खालच्या फटीशी धरायची. टोक आत खेचलं जाऊन थरथरलं पाहिजे. सरळ लोंबली तर गाळणी काढा, बाहेर उडाली तर खोलीच बंद करा. मग दार पूर्ण उघडून पट्टी तिन्ही उंचींवर धरायची: घोट्याशी, कमरेशी, डोक्याशी. डोक्याशी सगळ्यात आधी उलटी होते, कारण गरम हवा वरून बाहेर पडते. दर पाळीत अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्यासाठी इंजिनिअरला बोलवावं लागत नाही.

वातायन

कप्पी-दोरी, हा प्रतिसाद छापून दारामागे लावावा असा आहे. तीन गोष्टी जोडतो.

पंखा डक्टच्या शेवटी, उघड्या डेकवर घ्या. म्हणजे आतला सगळा डक्ट ओढीखाली राहतो आणि सांधा गळला तरी हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. पंखा खोलीजवळ बसवला तर पुढचा सगळा डक्ट दाबाखाली येतो आणि प्रत्येक सांध्यातून वास मारतो.

एक्झॉस्ट पंखा थांबला की सप्लाय आपोआप थांबला पाहिजे आणि दाराबाहेर लाल दिवा लागला पाहिजे. त्यासाठी डक्टमध्ये दाबाचा स्विच लावा. मोटरला वीज जातेय यावर विसंबू नका, कारण पट्टा तुटला तरी मोटर फिरतच असते.

वीज वाचवायला फिरतं उष्णताचक्र (बाहेर जाणाऱ्या हवेतला थंडावा आत येणाऱ्या हवेला देणारं चाक) लावायचा मोह होतो. या डक्टवर नको. चक्र थोडी घाण हवा स्वच्छ बाजूला नेतंच, आणि चिकट्याने त्याची भोकं भरतात. पाण्याच्या पाइपने जोडलेल्या दोन वेगळ्या कॉइल लावा. बचत कमी होते, पण दोन्ही हवा एकमेकींना भेटत नाहीत.

जागा असेल तर दोन दारांमध्ये दोन मीटरची मोकळी पडवी, आणि दारं सरकती. बाहेर उघडणारं दार पंपासारखं धूर ओढून आणतं.

शिडाची होडी

एवढं सगळं केलं तर तीन आतल्या केबिनची जागा गेली (४८ चौरस मीटर) आणि वर साडेदहा टनांच्या एसीचा खर्च. कंपनी का करेल?

सुकाणू

सेवा नसलेल्या खोलीतून एक रुपयाही मिळत नाही, हे खरं. म्हणूनच आज जे दिसतं ते कमाईच्या जागी दिसतं: कसिनो आणि लाउंज. नियमाने सक्ती झाली तरच खोली नीट होईल. जपानने प्रवासी जहाजांना आत धूम्रपान बंद करून फक्त अशी खोली करायची मुभा दिली, वेगाचा आकडा ठरवला, आणि २० वर्षांखालच्या कुणालाही, अगदी कामगारालासुद्धा, आत जायला मनाई केली. आकडा लिहिलेला असला की तपासणी अधिकारी यंत्र लावून मोजू शकतो. "पुरेशी हवा" असं लिहिलं की कुणीच मोजत नाही.

निर्धूर

मग माझी भूमिका अशी: पहिली पसंती खाडीवारा यांनी लिहिलेला छपराचा उघडा कोपरा. फार थंड किंवा फार वादळी मार्गावर, जिथे डेकच बंद ठेवावा लागतो, तिथे सेवा नसलेली खोली, दारातल्या हवेच्या ०.२ मीटर वेगाच्या अटीसह. सफाई करायची तर खोली रिकामी करून, निदान अर्धा तास पंखा चालू ठेवून, मगच माणूस आत पाठवायचा. तासाला २३ वेळा हवा बदलत असेल तर अर्ध्या तासात अकरा-बारा वेळा बदलते, तेवढी वाट पाहणं अवघड नाही. कसिनो पूर्ण बंद.

माडाचं बेट

जाणाऱ्यांसाठी, बुकिंगच्या आधी विचारायचं ते. "स्मोकिंग एरिया आहे का" असं विचारू नका, उत्तर नेहमी "आहे" येतं. कोणत्या डेकवर, कोणत्या बाजूला, उघडा की बंद, आणि रात्रभर खुला असतो का, हे विचारा. मग डेकचा नकाशा घेऊन आपली केबिन त्या कोपऱ्याच्या थेट खाली किंवा त्याच्या मागच्या बाजूला नाही ना ते पाहा. दमेकरी सोबत असेल तर कसिनोच्या वरच्या डेकवर, मधल्या चौकाजवळची केबिन घेऊ नका. केबिनमध्ये शिरल्यावर वास आलाच तर सामान उघडायच्या आधी रिसेप्शनला कळवा, पहिल्या तासात केबिन बदलून मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.